जगाच्या प्रगतीची वही: येत्या वर्षात आशा कशावर ठेवावी आणि ती कशी तपासावी

एक साधी वही आणि वर्षभरात मिळून पाच-सहा तास, एवढं पुरतं. प्रत्येक विषयाला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर चार रकाने आखा: वर्ष, एकूण आकडा, दर (हजारी किंवा टक्के) आणि आकडा ज्यातून घेतला तो अहवाल. उजव्या पानावर फक्त एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं: हे कशामुळे घडलं? ते पान कोरं राहत असेल, तर डावीकडचा आकडा कितीही चांगला दिसला तरी त्याच्या भरवशावर पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नका.

सुरुवात नारूपासून करा. हे पान नीट भरलं की बाकीची कशी भरायची ते आपोआप कळतं. १९८६ साली आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये जगभरात १४ नोंदले गेले, २०२४ मध्ये १५. आता उजवं पान. नारूवर लस नाही, औषधही नाही. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाबरोबर अळी माणसाच्या पोटात जाते. वर्षभराने लांबलचक जंत बहुधा पायातून बाहेर येऊ लागतो. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच पाण्यात नव्या अळ्या सुटतात. ही साखळी तुटली ती पिण्याचं पाणी दाट विणीच्या फडक्यातून गाळल्यामुळे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप आल्यामुळे, तळ्यांत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे औषध टाकल्यामुळे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न दिल्यामुळे. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत नारू बाहेर काढताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

मग शेवटचे चौदा-पंधरा का उरले? चाडमध्ये कुत्र्यांनाही नारूची लागण होते, आणि कुत्र्याला तळ्यापासून दूर ठेवणं माणसाला समजावण्यापेक्षा अवघड आहे. म्हणून या पानावर पाचवा रकाना आखा: लागण झालेली जनावरं. माणसांचा आकडा १४ वरून १५ झाला, याला वाढ म्हणू नका. इतक्या लहान संख्येत एकाने काही ठरत नाही. खरा अंदाज जनावरांच्या रकान्यावरून येतो. नारू निर्मूलनाचं काम करणारी कार्टर सेंटर ही अमेरिकी संस्था हे आकडे साधारण जानेवारीच्या अखेरीस जाहीर करते.

पोलिओच्या पानावर लाल शाई लागेल. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचे रुग्ण २०२१ मध्ये सहा होते. २०२४ मध्ये ते ९९ झाले, सगळे पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातले. ही माघार खरी आहे. ती लपवून लिहिलेली वही कामाची नाही. पण त्याच पानावर हेही लिहा की १९८८ मध्ये अंदाजे साडेतीन लाख रुग्ण होते आणि भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. एक चूक इथे हमखास होते: तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीतल्या विषाणूपासून पुढे उद्भवलेला पोलिओ आणि नैसर्गिक विषाणूचा पोलिओ यांची बेरीज केली जाते. रकाने वेगळे ठेवा, कारण दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

येत्या वर्षासाठी सर्वांत भक्कम आशा मलेरियाच्या पानावर आहे, आणि तिचा एक धागा पुण्यात आहे. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली आर-२१ ही लस सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. तिच्या आधीच्या आरटीएस,एस लसीचा घाना, केनिया आणि मलावीत पथदर्शी वापर झाला, तेव्हा लसीच्या वयोगटातल्या मुलांचे एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये मलेरियाने अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. त्यामुळे १३ टक्के ही लहान गोष्ट नाही. आर-२१ चा डोस चार डॉलरच्या आत पडतो आणि डोस चार लागतात. घोटाळा होतो तो चौथ्या डोसला. पहिले तीन महिन्या-महिन्याच्या अंतराने होतात, चौथा त्यानंतर साधारण वर्षाने येतो आणि तोवर आई-वडील विसरून जातात. म्हणून ‘इतक्या देशांत लस पोहोचली’ हा आकडा न लिहिता चौथा डोस किती मुलांना मिळाला ते शोधा. जागतिक मलेरिया अहवाल डिसेंबरात येतो. तुलना करताना दोन्ही वर्षांचे आकडे एकाच, नव्या अहवालातून घ्या. मागच्या वर्षांचे अंदाज दर वेळी सुधारले जातात. जुन्या अहवालातला एक आणि नव्यातला एक घेतला, तर नसलेली घट किंवा वाढ दिसते.

बालमृत्यूंसाठी दर आणि संख्या दोन्ही हवेत. १९९० मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ९३ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत, २०२२ मध्ये ३७. संख्या सव्वा कोटीच्या वरून ४९ लाखांवर आली. म्हणजे आजही दिवसाला तेरा हजारांहून जास्त मुलं जातात. हा भागाकार वहीत करून ठेवाच.

सौरऊर्जेच्या पानावर क्षमता आणि वीज यांची गल्लत टाळा. २०२४ मध्ये जगात नवीकरणीय ऊर्जेची सुमारे ५८५ गिगावॅट क्षमता वाढली, त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त सौर. पण एक गिगावॅट सौर प्रकल्प १९ टक्के वापरक्षमतेने (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर मिळाली असती त्याच्या १९ टक्के वीज) वर्षाला साधारण १६६ कोटी युनिट देतो, तर तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र ६० टक्क्यांनी सव्वापाचशे कोटी. युनिट मोजा. संध्याकाळी सातनंतरच्या विजेचं काय, हे कळायला बॅटरीचा रकानाही जोडा.

गरिबीचं पान ठेवणार असाल, तर आधी रेषा तपासा. जागतिक बँकेने अत्यंत गरिबीची रेषा २०२२ मध्ये रोजी २.१५ डॉलर आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर केली. रेषा बदलली की पानावर आडवी ओळ मारा आणि जुनी वर्षंही नव्या रेषेने पुन्हा लिहा.

प्रत्येक उजव्या पानाच्या तळाशी शेवटची नोंद पैशाची. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली. गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या ‘गावी’ (Gavi) या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याच वर्षी ११.९ अब्ज डॉलर मागितले, तर नऊ अब्जांहून थोड्या जास्त रकमेची आश्वासनं मिळाली. लस तयार आहे, ती टोचणारे हातही आहेत. अशा ठिकाणी आशा पैशावर अडते. तिथे पेन्सिलीने ‘अडकलं: निधी’ असं लिहा आणि सहा महिन्यांनी ती नोंद पुन्हा उघडा.