जुन्या कार्ब्युरेटर गाडीसाठी पेट्रोल आणि ॲडिटिव्ह निवडण्यापूर्वीची तयारी

प्रीमियर पद्मिनी, कार्ब्युरेटरची मारुती 800 किंवा त्याच पिढीतली एखादी गाडी ज्यांच्या दारात अजून चालू स्थितीत उभी आहे, त्यांच्यासमोर हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. हिच्यात पेट्रोल कोणते भरावे, आणि दुकानात मांडलेल्या ॲडिटिव्हच्या (पेट्रोलमध्ये मिसळायच्या रसायनांच्या) बाटल्यांपैकी एखादी टाकीत ओतावी की नाही? पंपावर मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न ऐकत याचा निर्णय नीट होत नाही. त्याची तयारी आधी घरी, बॉनेट उघडून करावी लागते. त्या तयारीचा क्रम येथे दिला आहे. जुन्या इंजिनाला ऑक्टेन कमी पडण्याची भीती आता फारशी उरलेली नाही, खरी काळजी पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलची आहे, आणि म्हणून बाटल्यांवर जाणारा बहुतेक पैसा नळ्या, डायफ्रॅम (लवचिक पडदे) आणि जेट (कार्ब्युरेटरमधल्या, इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) यांच्याकडे वळवणे शहाणपणाचे आहे, या समजुतीवर हा क्रम बेतलेला आहे.

सर्वप्रथम गाडीची मूळ पुस्तिका शोधावी आणि तिच्यातले कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) व ऑक्टेन हे दोन आकडे एका वहीत उतरवून घ्यावेत. दाबाखाली पेट्रोल ठिणगीच्या आधीच किंवा ठिणगीनंतर एकदम भडकू नये, यासाठी त्याच्या अंगी जो प्रतिकार असतो त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. त्याचा ताकदीशी थेट संबंध नाही. पद्मिनीचे कॉम्प्रेशन सात ते आठच्या दरम्यान आणि मारुती 800 चे नवाच्या आत असल्याने या इंजिनांची ऑक्टेनची मागणी मुळातच माफक आहे. सरकारने दिलेल्या माहितीनुसार आपल्याकडचे साधे पेट्रोल आधी 88 रॉनचे (रॉन ही ऑक्टेन मोजण्याची एक पद्धत) होते, ते पुढे 91 झाले आणि 20 टक्के इथेनॉल मिसळू लागल्यावर 95 पर्यंत पोहोचले. म्हणजे ज्या गाडीने तरुणपणी आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर घाट चढले, तिला आज ऑक्टेनसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. येथे एक सावधगिरी बाळगावी: अमेरिकी व्हिडिओंमध्ये सांगितला जाणारा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो, तिकडचे 87 म्हणजे आपल्याकडचे साधारण 91 ते 92. तो आकडा जसाच्या तसा वहीत उतरवू नये.

तरीही चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनातून टकटक येत असेल, तर पेट्रोलला दोष देण्याआधी इग्निशन तपासावे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्कांची) फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी, पॉइंटवर खड्डे पडले असतील तर ते घासत न बसता बदलावेत आणि त्यानंतरच टायमिंग लाइट लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पाहावे. फट बदलली की टायमिंगही सरकते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात वजनांना दोन बारीक स्प्रिंग असतात. वर्षानुवर्षे ताणून त्या सैल पडल्या की ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणे) वेळेआधीच वाढतो आणि अगदी चांगल्या पेट्रोलवरही नॉकिंग, म्हणजे तीच टकटक, होते. या स्प्रिंग क्वचितच कोणी उघडून पाहतो, आणि माझ्या मते ‘हिला आता पॉवर पेट्रोलच लागते’ असा शिक्का बसलेल्या अनेक गाड्यांचे मूळ दुखणे तिथेच असते. व्हॅक्युम ॲडव्हान्सची नळी काढून तोंडाने हलकेच ओढून पाहावी. आतली पट्टी हलली आणि ओढ धरून राहिली तर डायफ्रॅम शाबूत आहे असे समजावे.

त्याच वेळी कार्बनचाही विचार करावा. केवळ गावात, छोट्या फेऱ्यांवर चाललेल्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर साठतो, त्यामुळे ज्वलनकक्षातली जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढते आणि तापून लाल झालेला कण ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतो. चावी बंद केल्यावरही इंजिन काही क्षण थडथडत राहत असेल तर ते बहुधा याचे किंवा आयडलिंग जास्त असल्याचे लक्षण असते. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा पट्टा यांची तपासणीही याच टप्प्यात उरकावी, कारण तापलेले इंजिन अधिक ऑक्टेन मागते.

इथेनॉलसाठी करायची तयारी अधिक वेळ घेणारी आहे आणि ती टाळता येत नाही. 20 टक्के मिश्रणाला टिकतील अशा साहित्याच्या गाड्या आपल्याकडे एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. त्यापूर्वीच्या, त्यातही विसाव्या शतकातल्या गाड्यांचे रबर, कॉर्क आणि डाक (सोल्डर) यांचा विचार करताना इथेनॉल कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी वाकवून पाहावी. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, नळी फुगून मऊ पडली असेल किंवा बोटाला काळे लागत असेल, तर ती काढून टाकावी आणि इथेनॉलला टिकणारी म्हणून छापील दर्जा असलेलीच नळी घ्यावी. मीटरवर कापून मिळणारी बिनछापाची नळी स्वस्त पडली तरी ती एक्झॉस्टच्या वरून जाते हे विसरू नये. यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. त्यासाठी डिपस्टिक काढून वास घ्यावा: पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी चालू करू नये, पंप दुरुस्त करून ऑइल बदलावे. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई, गॅस्केट आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम यांचा संच बदलताना सुईचे टोक वायटनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) आहे ना, हे विचारून घ्यावे. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. म्हणून पारदर्शक फिल्टर बसवावा आणि आणखी दोन हाताशी ठेवावेत.

भरायच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरीच पाहता येते. शंभर मिलीलिटरचे खुणांचे, बूच असलेले नळकांडे घ्यावे, त्यात दहाच्या खुणेपर्यंत पाणी आणि त्यावर शंभरपर्यंत पेट्रोल घालावे, बूच लावून हलवावे, बूच हळूच उघडून वाफ सोडावी आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर वाढलेला दिसतो. रेषा दहावरच राहिली तर इथेनॉल नाही, आणि ती 28 च्या आसपास गेली तर मिश्रण 20 टक्क्यांचे आहे. ही चाचणी अंगणात, आगीपासून दूर करावी आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये. तिचा खरा उपयोग महागड्या 100 ऑक्टेनच्या पेट्रोलबाबत होतो. ते इथेनॉलविरहित असते असे सांगितले जाते; सांगण्यावर न जाता नळकांड्यात पाहावे. तसे ते निघाले, तर गाडी पावसाळाभर झाकून ठेवण्यापूर्वीची शेवटची टाकी म्हणून त्याला जवळपास दीडपट पैसे मोजणे योग्य ठरेल. ऑक्टेनसाठी मात्र नव्हे. भेसळीचा संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागावा, तो ग्राहकाचा हक्क आहे. थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहता कामा नये.

यानंतर जेटचा विचार येतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, तर 20 टक्के मिश्रणाला साधारण 13.5 पुरतात. कार्ब्युरेटरला हे कळण्याचा काही मार्ग नसल्याने तो पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो, मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते) आणि गाडी थंड असताना चोक काढूनही अडखळते, चढावर ओढत नाही, जास्त तापते. जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असेल तर इंधन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 110 च्या जागी 115 पर्यंत जाणे पुरेसे होते. पण जुने जेट झिजून आधीच मोठे झालेले असू शकतात, म्हणून आधी प्लग पाहावेत: मोठ्या रस्त्यावर वेगात चालवून लगेच इंजिन बंद करून काढलेला प्लग तपकिरी असेल तर जेटला हात लावू नये, आणि खडूसारखा पांढरा असेल तरच एक पायरी वर जावे. ॲव्हरेज थोडे घटणार हे आधीच गृहीत धरावे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ही घट सहा ते सात टक्के असेल, असा अंदाज निती आयोगाच्या 2021 च्या अहवालात दिला होता. कार्ब्युरेटरच्या गाडीत ती त्याहून कमी असेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

आता बाटल्यांकडे वळावे. शिसेविरहित पेट्रोल देशभर 1 फेब्रुवारी 2000 पासून लागू झाले, आणि तेव्हापासून शिशाला पर्याय म्हणून विकली जाणारी ॲडिटिव्ह जुन्या गाड्यांच्या मालकांच्या गळी उतरवली जातात. शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर संरक्षक थर धरत असे, हे खरे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मात्र कठीण बैठका वेगळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांना या औषधाची गरज नसते. बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या मऊ बैठका असतील आणि गाडी दीर्घकाळ वेगात किंवा भाराखाली चालत असेल, तरच प्रश्न उद्भवतो. त्याचा पुरावा टॅपेटच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या) फटीच्या नोंदीत मिळतो. व्हॉल्व्ह बैठकीत रुतत गेला की एक्झॉस्ट टॅपेटची फट दर तपासणीत कमी भरते. फट स्थिर असेल तर बाटली घेऊ नये.

ऑक्टेन बूस्टर घेताना ‘30 पॉइंट वाढ’ असे छापलेले दिसले, तर एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग हे लक्षात घ्यावे. ती वाढ जेमतेम तीनची असते आणि तीही सांगितलेल्या प्रमाणात ओतली तर. मँगनीज किंवा लोह असलेले बूस्टर प्लगवर तांबूस थर सोडतात आणि पुढे तोच थर ठिणगी चुकवतो. इंधन टिकवणारे स्टॅबिलायझर मात्र उपयोगी पडते, पण ताज्या पेट्रोलमध्ये आणि गाडी ठेवण्यापूर्वी घातले तरच. घातल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचवावे. कोकणातल्या दमट हवेत अर्धी टाकी महिनोन्‌महिने ठेवली की इथेनॉल ओलावा शोषत राहते, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेनही घटते. एकदा वेगळे झालेले हे मिश्रण कोणतीही बाटली पुन्हा एकजीव करत नाही. टाकी रिकामी करणे हाच उपाय. टाकीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. ती ऐकावी आणि सोडून द्यावी, कारण नॅफ्थलिनचे स्फटिक जेटमध्ये जमतात. चार स्ट्रोकच्या गाडीत सवयीने टूटी (टू स्ट्रोकचे) ऑइल ओतल्याने ऑक्टेन घटते आणि कार्बन वाढतो. जुन्या चेतकसारख्या टू स्ट्रोक स्कूटरला अर्थातच ते हवेच. तिथे कंपनीने सांगितलेले प्रमाण पाळावे आणि पंपावर ऑइल पेट्रोलच्या आधी टाकीत पडेल असे पाहावे, म्हणजे ते नीट मिसळते.

एवढे झाल्यावर साधे पेट्रोल अर्धी टाकी भरून गाडी बाहेर काढावी. पहिल्या दिवशी दूर जाऊ नये. घरी आल्यावर इंजिन गरम असतानाच प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून गळती पाहावी आणि फिल्टरचा रंग पाहावा. दुसऱ्या दिवशी घरातली माणसे बसवून कात्रज किंवा खंबाटकीसारखा ओळखीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घ्यावा. टकटक आली नाही, तर पेट्रोलचा प्रश्न तिथेच मिटला असे समजावे. टकटक आली, तर टायमिंग दोन अंशांनी मागे घेऊन तोच चढ पुन्हा घ्यावा. त्यानेही भागले नाही, तरच 100 ऑक्टेनची एक टाकी भरून पाहावी, आणि तिच्यावरही आवाज तसाच राहिला तर पेट्रोल बदलत न बसता हेड उतरवून कार्बन पाहण्याची वेळ मेकॅनिककडून ठरवून घ्यावी.