इंग्रजीतलं 'फिक्स' कुठं आणि कसं वापरायचं

आपल्याकडं लग्न फिक्स होतं, भाडं फिक्स होतं, पण पंखा मात्र रिपेरिंगला जातो. इंग्रजीवाले बिघडलेल्या पंख्यालाही बिनधास्त फिक्सच म्हणतात, बोलताना तर रिपेअरपेक्षा जास्तच. रिपेअर जरा कागदोपत्री वाटतं, नोटीस, बिल, रस्त्याचं टेंडर असल्या ठिकाणचं.

शब्द मूळचा लॅटिन, अर्थ घट्ट बसवणे, बाकी सगळं तिथनंच फुटलंय. त्यामुळं फळी भिंतीला बसवा, तारीख ठरवा नाहीतर गळका नळ दुरुस्त करा, तिन्हीला फिक्स चालतं, आणि घोळ तिथंच होतो, कारण इलेक्ट्रिशियनला नुसतं 'प्लीज फिक्स द गीझर' पाठवलं तर नवा बसवायचाय का जुना नीट करायचाय ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार. नवा असेल तर सरळ 'इन्स्टॉल' लिहा.

आता मेन गोष्ट. 'आय फिक्स्ड माय मिक्सर' म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तुम्ही स्वतः बसलात असं होतं. विश्रामबागेतल्या दुकानातनं करून आणला असेल तर 'आय गॉट माय मिक्सर फिक्स्ड' म्हणायचं. आपण 'करून घेतला' म्हणतो ना, त्यातल्या 'घेतला'चं काम इथं 'गॉट' करतं. क्रम लक्षात ठेवा, आधी गॉट, मग वस्तू, मग फिक्स्ड. पुढं करून घेणार असाल तर 'आय विल गेट इट फिक्स्ड', घरमालकाच्या मागं लागायचं असेल तर 'कॅन यू गेट द मोटर फिक्स्ड?' आणि लिहिताना शेवटी ड असला तरी बोलताना ट येतो, फिक्स्ट.

मिरजेत सतारीच्या दुकानात बाहेरचं गिऱ्हाईक येतं तेव्हा 'कॅन यू फिक्स माय सितार?' एवढ्यावर सुरुवात होते, पण पुढं नेमकं बोलावं लागतं. भोपळ्याला तडा असेल तर 'रिपेअर द क्रॅक', तार बदलायची तर 'रिप्लेस द स्ट्रिंग', सुरात लावायची तर 'ट्यून', आणि जवारीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवायच्या कामाला, जवारीच म्हणा, सतार वाजवणाऱ्याला तो शब्द माहीत असतो. पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्यांच्या, बाबतीत मात्र जपून, सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात, म्हणून ते 'मूव्हेबल फ्रेट्स', आणि गिटारचे ठोकून बसवलेले ते 'फिक्स्ड फ्रेट्स'. इथं फिक्स्डचा दुरुस्तीशी काही संबंध नाही.

मिरजेचंच दुसरं उदाहरण म्हणजे दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर 'इंटर्नल फिक्सेशन' लिहिलेलं असलं तर हाड आतनं प्लेट, स्क्रू किंवा रॉड घालून जागेवर पक्कं केलंय एवढाच अर्थ, हाड जुळून आलं असा नाही, ते जुळायला पुढं वेळ लागतोच. त्या जुळून येण्याला 'हील' नाहीतर 'मेंड' म्हणतात आणि पेशंट सुधारत असेल तर 'ही इज ऑन द मेंड'. मेंड एरवी कपडे, मोजे, जाळी असल्या शिवायच्या-सांधायच्या कामाला, मिक्सरला शक्यतो नको.

अमेरिकेत अजून वेगळीच तऱ्हा. तिकडं 'आय विल फिक्स डिनर' म्हणजे जेवण बनवतो, आणि तिकडं राहणाऱ्या तुमच्या पोराच्या शेजाऱ्यानं 'माय डॉग इज फिक्स्ड' सांगितलं तर कुत्रा आजारातनं बरा झाला समजू नका, त्याची नसबंदी झालीय. मॅच फिक्सिंग काय असतं ते सांगायला नको. 'आय ॲम इन अ फिक्स' म्हणजे पेचात सापडलोय.

आणि दुकानात बसत असाल तर गिऱ्हाइकाला 'आय विल फिक्स यू' कधी म्हणू नका राव, त्याचा अर्थ 'बघतोच तुला' असा होतो. 'आय विल फिक्स इट फॉर यू' म्हणा.