तूर ते आंब्वाज : दोघांनी सायकलवर एक दिवस कसा काढावा

सांगलीहून तासगाव जेवढं लांब, साधारण तेवढंच फ्रान्समध्ये तूरहून आंब्वाज लांब. पंचवीस-सव्वीस किलोमीटर. अंतर आधीच सांगते, कारण कवठे एकंदच्या माझ्या मैत्रिणींनी ऐकल्या ऐकल्या विचारलं होतं, "अगं, गुडघे जागेवर राहिले का?" राहिले. मी त्रेपन्न वर्षांची, हे अठ्ठावन्न. सकाळी नऊला निघून संध्याकाळी सहाच्या गाडीने आम्ही परत तूरला आलो, आणि त्यातले जेमतेम तीन तास सायकलवर होतो.

मुलगा पॅरिसला नोकरीला आहे. द्राक्षबागायतदाराला मोकळीक मिळते ती फळछाटणीच्या आधी, म्हणून आम्ही सप्टेंबरच्या मध्याला गेलो. तो महिना खरंच चांगला. दुपार उबदार, पाऊस थोडा, आणि तिकडच्या बागांत काढणी सुरू होण्याचे दिवस. मात्र साडेसातपर्यंत नीट उजाडत नाही आणि सकाळी गारठा असतो. स्वेटर घाला, अकरा वाजता काढून पिशवीत टाका.

तयारी इथेच करायची. आम्ही दोन महिने दर रविवारी पहाटे गावातून कुमठ्याकडे जाऊन परत येत होतो. अंतराची सवय होतेच. जास्त सराव दोन गोष्टींचा हवा. एका हाताने हँडल धरून दुसरा हात वळायच्या दिशेला करता आला पाहिजे, आणि सायकल न हलता मान मागे वळवून बघता आलं पाहिजे. तिथे हॉर्न वाजवून कोणी "मी आलो" म्हणत नाही. वळणाऱ्याने हात दाखवायचा, मागचा थांबतो.

व्हिसाच्या कागदांत प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा लागतो, तो विसरू नका. सामानात पेढे नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. मी मुलासाठी घेतलेले कंदी पेढे निघताना जावेकडे ठेवून गेले. दशम्याही दुधाऐवजी पाण्यात भिजवल्या. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि घरचा बेदाणा बरोबर होता.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून वेगाच्या गाडीने तूर सव्वा तासाच्या आसपास. बऱ्याच गाड्या सें-पिएर-दे-कोर या शेजारच्या स्टेशनवर सोडतात, तिथून पाच मिनिटांची छोटी गाडी असते. आदल्या संध्याकाळी पोचा, मुक्काम करा आणि सायकली तिथेच भाड्याने घ्या.

दुकानातून निघायची घाई करू नका. पुढचा ब्रेक तिकडे बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. उतारावर घाबरून नुसता डावा दाबलात तर सायकलवरून पुढे फेकले जाल. आम्ही दुकानाच्या अंगणात दहा फेऱ्या मारल्या, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायची सवय केली, मगच रस्त्यावर आलो. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. पंक्चरचं सामान आणि पंप मागून घ्या, कारण ट्यूबचा व्हॉल्व्ह आपल्या जुन्या सायकलींसारखा नसतो. ह्यांचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना बॅटरीची सायकल घेतली. ती पायडल मारताना जोर देते, पण ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे मदत थांबवते.

मग पुढे कोणी राहायचं? जो सावकाश चालवतो, त्याने. आमच्यात मी साध्या सायकलवर, म्हणून मी पुढे आणि बॅटरीवाले हे मागे. उलट केलं तर मागचा माणूस दमतो, बोलत नाही, आणि दुपारी भांडण होतं. पहिल्या दिवशी पॅरिसच्या बागेत आमचं झालंच होतं.

वाहनं उजव्या बाजूने चालतात. याहून फसवा नियम म्हणजे पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून येवो. गावाबाहेर मोटारीने सायकलला दीड मीटर अंतर सोडून पुढे जायचं असा कायदा आहे, आणि लोक तो पाळतात. कानात इयरफोन घालून सायकल चालवायला मनाई आहे.

आता दिशा. बरेच लोक आंब्वाजहून तूरकडे येतात. तुम्ही तूरहून पूर्वेला जा. ल्वार नदीच्या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, समुद्राकडून वाहतो. तो पाठीशी घेतला तर दिवस हलका जातो.

वाट चुकायची भीती नाही. 'ला ल्वार आ व्हेलो' या सुमारे नऊशे किलोमीटरच्या सायकलमार्गाचा हा एक तुकडा आहे आणि वळणावळणाला त्याच्या पाट्या आहेत. तूर सोडलं की नदीच्या पूरबांधावरून जायचं. उजव्या हाताला ला व्हिल-ओ-दाम गाव लागतं. नावाचा अर्थच बायकांचं गाव, आणि तिथल्या बहुतेक सगळ्या रस्त्यांना स्त्रियांची नावं दिलेली आहेत. मी दहा मिनिटं आत जाऊन पाट्या वाचत फिरले. तुम्हीही जा.

बांधावर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. सप्टेंबरमध्ये ल्वारचं पाणी कमी असतं, मधे वाळूची बेटं दिसतात. बघून वाटत नाही, पण 1846, 1856 आणि 1866 असे तीन मोठे पूर या नदीने वीस वर्षांत दिले. नदीकाठच्या गावांत भिंतींवर त्या पाण्याच्या खुणा कोरलेल्या सापडतात. सांगलीच्या आयर्विन पुलावर किती फूट पाणी झालं हे विचारत 2019 चा ऑगस्ट ज्यांनी काढला, त्यांना ती रेघ समजावून सांगावी लागत नाही. हे आपल्या डोक्यावर हात उंच धरून पाणी कुठवर आलं असेल ते मोजत होते. पाणी शांत दिसलं तरी पोहायला उतरू नका. वाळू सरकते आणि खालून ओढ असते.

मोंलुई गाव चढावर आहे. जिथे दम लागेल तिथे उतरून चाला. वर पोचलात की बागा. आमच्यासारख्यांना इथे दोन तास ठेवायला हवेत, बाकीच्यांना अर्धा पुरेल. आपल्यासारखा वेलींचा मांडव नाही, इंग्रजी वाय आकाराचे खांब नाहीत. छातीएवढ्या उंचीच्या तारांवर सरळ रांगा. ठिबकची नळी कुठेच नाही, सगळं पावसावर. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. जात एकच, शनँ ब्लाँ, वाइनची. घड आपल्या सोनाका जातीच्या द्राक्षापुढे लहान आणि गच्च. बऱ्याच रांगांच्या टोकाला गुलाब लावलेला असतो. भुरी हा रोग आधी गुलाबावर दिसतो अशी जुन्या लोकांची समजूत.

आणि बोर्डो! मोरचूद-चुन्याचं जे मिश्रण आपण द्राक्षावरच्या दावण्या रोगासाठी मारतो, ते याच देशातलं. बोर्दो हे इथून दक्षिणेकडचं शहर. तिकडचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं, कडू पाणी शिंपडत. त्याच वेलींवर दावण्या नाही हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते औषध म्हणून जाहीर केलं. ही गोष्ट ह्यांनी मला त्या बांधावर उभं राहून सांगितली. तीस वर्षं मी त्या निळ्या फवाऱ्याचे डाग ह्यांच्या सदऱ्यांवरून धूत आले आहे. हे ठाऊक नव्हतं.

बागेत काढणी करणारे होते. जवळ जायचं तर आधी "बोंजूर" म्हणा, मग जे विचारायचं ते. दुकानात, रस्त्यावर, सगळीकडे हाच क्रम. नुसतं विचारलं की माणसं तुटक बोलतात. घडाला हात लावू नका.

जेवणाचं मात्र बाराच्या आत बघा. बारा ते दोन खेड्यातली दुकानं बंद होतात, रविवारी दुपारी आणि सोमवारीही पुष्कळ बंदच. सकाळीच बेकरीतून लांब पाव घेऊन ठेवा. माझी माळ आहे, म्हणून चीजबद्दल सांगते. या भागातलं सेंत-मोर नावाचं शेळीच्या दुधाचं चीज प्रसिद्ध आहे, त्याच्या मधोमध राय नावाच्या, गव्हासारख्या धान्याची काडी असते. पण पुष्कळ चीज वासराच्या पोटातल्या रसाने विरजलेलं असतं. मी घेतलं नाही. पाव, टोमॅटो आणि चटणी खाल्ली. पाणी संपलं तर 'ओ पोताब्ल' लिहिलेला नळ शोधा, म्हणजे पिण्याचं पाणी. आधी 'नों' असेल तर पिऊ नका. गावाच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो.

आंब्वाजला किल्ला आहे, आणि त्यातल्या लहानशा चॅपेलमध्ये लिओनार्दो दा विंचीची समाधी. आयुष्याची शेवटची तीन वर्षं तो याच गावात राहिला, 1519 मध्ये वारला. तिकीट काढून जा, तासभर पुरे.

स्टेशन नदीच्या पलीकडे आहे. किल्ल्यापासून पूल ओलांडून जायला वीस मिनिटं हाताशी ठेवा. साध्या स्थानिक गाडीत सायकलीचं वेगळं तिकीट आम्हाला लागलं नाही, डब्यावर सायकलचं चित्र असतं तिथे चढायचं.

बेदाण्याच्या पुड्या दोन घ्या. आम्ही एकच नेली होती. मोंलुईच्या बागेत माझ्याएवढीच एक बाई कात्री घेऊन घड काढत होती, तिच्या ओंजळीत मी दोन मुठी दिल्या. तिने बाकीच्यांना हाका मारल्या, आणि पुडी तिथेच संपली.