मटेरियल सायन्सचा ग्रुप प्रोजेक्ट: आधी स्लॉट, मग बाकीचं

एमटेकचा ग्रुप प्रोजेक्ट मिळाला की सगळे आधी पीपीटी कोण करणार यावर भांडत बसतात, ते सोडा आणि पहिल्याच दिवशी एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आणि एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकरचना तपासणारं मशीन) यांचे स्लॉट बुक करा, कारण सेमिस्टरच्या शेवटी सगळ्यांनाच ते हवे असतात.

मग सॅम्पल. मार्करने नंबर टाकू नका, अॅसिटोन लागलं की गेला! मागच्या बाजूला पंच किंवा एनग्रेव्ह करा. आमच्या ग्रुपमध्ये चार तुकडे सारखेच दिसत होते, हार्डनेस परत घ्यावी लागली सगळ्यांची, दोन दिवस गेले.

कामं वाटताना "तू एक्सआरडी, मी एसईएम" असं नका करू, एकमेकांना काय चाललंय ते कळतच नाही. समजा 6061 या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं एजिंग करताय, म्हणजे ठराविक तापमानाला ठेवून तो कडक करताय. एकाने 530 डिग्रीला सोल्युशनायझिंग (तापवून मिश्रणातले घटक धातूत विरघळवणं) करून पाण्यात क्वेंच केलं, म्हणजे झटक्यात थंड केलं, आणि दुसऱ्याने तो तुकडा बेकेलाइटमध्ये हॉट माउंट केला, म्हणजे पॉलिश करायला गरम प्लॅस्टिकमध्ये बसवला, की संपलं, तिथेच एजिंग होऊन जातं, कारण माउंटिंग प्रेस 150-180 डिग्रीला चालतो आणि एजिंगचं तापमानही साधारण तेच. इथे कोल्ड माउंटच (गरम न करता बसवणं) करायचं. शिवाय क्वेंचनंतर रूम टेंपरेचरलाही नॅचरल एजिंग सुरू होतं, म्हणून क्वेंचची वेळ शेअर्ड शीटमध्ये लिहायचीच, मिनिटासकट.

रॉ डेटा एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नुसते स्क्रीनशॉट नकोत. रिपोर्ट मात्र शेवटी एकानेच सलग वाचून सारखा करायचा, नाहीतर स्ट्रेसचं युनिट एका पानावर एमपीए आणि दुसऱ्यावर केएसआय.