विद्यापीठ बदलून पुण्यात यायचंय? जुनी जागा सोडायच्या आधी हे वाचा

कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटीतून त्याच रस्त्यावरच्या गरवारे कॉलेजात जायचं, तर तो विद्यापीठबदल. नाशिकच्या कॉलेजातून दोनशे किलोमीटर लांब पुण्यात यायचं, तर बहुतेक वेळा तो नुसता कॉलेजबदल. कारण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असं आहे, तर एसएनडीटी हे स्वतःच वेगळं महिला विद्यापीठ, मुख्यालय मुंबईत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे आपल्या मार्कलिस्टच्या डोक्यावर कुठल्या विद्यापीठाचं नाव आहे ते बघणं. पुण्यात अभिमत आणि खासगी विद्यापीठंही भरपूर आहेत. कॉलेज पुण्यातलं म्हणजे विद्यापीठही पुण्याचंच, असं धरून चालू नका.

विद्यापीठ तेच असेल तर मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) लागत नाही. एनओसी (ना हरकत पत्र) आणि टीसीवर (कॉलेज सोडल्याचा दाखला) काम होतं. मात्र दोन्हीपैकी एक कॉलेज स्वायत्त (स्वतःचा सिलॅबस ठरवणारं) असेल तर डिग्री एकाच विद्यापीठाची असूनही सिलॅबस वेगळा असतो आणि समकक्षतेचा, म्हणजे जुने पेपर नव्या पेपरांच्या तोडीचे धरायचे का, हा प्रश्न येतोच. पुढचं सगळं बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ आणि मेडिकलला त्यांच्या त्यांच्या परिषदांचे आणि प्रवेश यंत्रणांचे नियम लागतात, तिथे हा रस्ता चालत नाही.

कधी बदलायचं

पहिल्या वर्षानंतर. यामागे सरळ हिशेब आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत राज्यातल्या पदवीला वर्षाला साधारण ४४ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) असतात, तीन वर्षांचे १३२. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या श्रेयांक पेढीच्या नियमांनुसार जी संस्था डिग्री देणार, तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात, म्हणजे ६६. पहिल्या वर्षाचे ४४ घेऊन आलात तर नव्या ठिकाणी ८८ होतात, अडचण नाही. दुसरं वर्ष संपवून ८८ घेऊन आलात तर नव्या ठिकाणी उरतात फक्त ४४. चार वर्षांच्या ऑनर्सला, १७६ क्रेडिटमध्ये, हे गणित काठावर बसतं. त्यामुळे टीवायला (तिसऱ्या वर्षाला) बदली मागणाऱ्याला खिडकीवरूनच परत पाठवतात, त्यात क्लार्कचा खडूसपणा नसतो.

एटीकेटी असेल तर आधी ती सोडवा. जुन्या विद्यापीठाचा राहिलेला पेपर नवं विद्यापीठ घेत नाही, आणि एकदा नाव काढल्यावर जुनं विद्यापीठ परीक्षेचा फॉर्म भरून घेताना खळखळ करतं.

फाईल

दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, प्रत्येक सेमिस्टरची मार्कलिस्ट, बारावीचा एलसी, सध्याच्या कॉलेजचं बोनाफाईड, एनओसी, आधार, फोटो. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर. सगळ्याचे स्वसाक्षांकित झेरॉक्सचे तीन संच करा: एक कॉलेजचा, एक पुढे विद्यापीठाकडे जाईल तो, एक तुमचा. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे. मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे.

एबीसी (म्हणजे तीच श्रेयांक पेढी) आयडी डिजिलॉकरमध्ये उघडून बघा. १२ आकडी नंबर असणं वेगळं आणि त्यात क्रेडिट दिसणं वेगळं. क्रेडिट विद्यापीठच चढवतं, विद्यार्थ्याला चढवता येत नाहीत. खातं रिकामं दिसलं तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) देऊन लेखी अर्ज करा. बऱ्याचदा कारण नावात सापडतं: मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, आधारवर नाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त. ही दुरुस्ती अर्ज करायच्या आधीच उरकून घ्या.

खरी मेहनत सिलॅबसवर घ्यायची, आणि नेमकी तिथेच मुलं आळस करतात. जुन्या विद्यापीठाचा तुमच्या बॅचचा सिलॅबस (पॅटर्नचं वर्ष तपासून, शेजारच्या बॅचचा नव्हे) छापा आणि प्रत्येक पानावर जुन्या कॉलेजचा शिक्का घ्या. मग एका कागदावर चार रकाने आखा: आपला पेपर, त्याचे क्रेडिट, नव्या विद्यापीठातला जुळणारा पेपर, त्याचे क्रेडिट. थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळं लिहा, कारण थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा आणि प्रॅक्टिकलचा ३० तासांचा असतो. नुसती बेरीज जुळून भागत नाही. विभागप्रमुखाच्या टेबलावर असा तयार तक्ता गेला की तो तपासायला अर्धा तास लागतो. तक्ता नसेल तर फाईल गठ्ठ्याच्या तळाशी जाते.

अडतं कुठे? मेजर (मुख्य विषय) बहुतेक जुळतो. मायनर (दुय्यम विषय) अडतो, कारण तुमची जोडी नव्या कॉलेजात शिकवतच नाहीत. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला हवा असतो. भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन क्रेडिट एकीकडे पहिल्या सत्रात, दुसरीकडे दुसऱ्यात. भाषेच्या पेपरात तुम्ही हिंदी घेतलेली आणि इथे मराठी. असे दोन-चार क्रेडिट कमी पडले म्हणून प्रवेश सहसा जात नाही. ते पुढच्या सत्रात जादा पेपर देऊन भरून घेतात. कुठला पेपर, कुठल्या सत्रात, हे मात्र समकक्षतेच्या पत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन शेवटच्या वर्षी डिग्रीच्या फॉर्मच्या वेळी कुणाला आठवत नाही.

टीसीचा पेच

नवं कॉलेज म्हणतं टीसी आणा. जुनं म्हणतं, प्रवेश रद्द केल्याशिवाय टीसी मिळणार नाही. आणि टीसी काढल्यावर नव्या कॉलेजने नाही म्हटलं, तर मूल दोन्हीकडून लोंबकळतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जुन्या कॉलेजची एनओसी, मग नव्या कॉलेजात अर्ज आणि समकक्षता, मग तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र, आणि ते हातात आल्यावरच टीसी. मायग्रेशन सगळ्यात शेवटी. ते कॉलेज देत नाही, जुनं विद्यापीठ देतं. तोवर ‘टीसी आणि मायग्रेशन अमुक तारखेपर्यंत आणून देईन’ असं हमीपत्र चालतं का, ते नव्या कॉलेजच्या हेडक्लार्कला अर्जाच्या दिवशीच विचारा. टीसी काढताना शेरा वाचून घ्या. ‘थकबाकी नाही’ ही ओळ नसेल तर लायब्ररी किंवा लॅबचा एखादा शिक्का राहिलेला असतो आणि त्या एका शिक्क्यासाठी पुन्हा कोल्हापूर-सोलापूर गाठावं लागतं.

वाट बघताना

अर्ज दिला की पोच घ्या, म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच नसेल तर कागदोपत्री तुम्ही अर्ज केलेलाच नाही. कॉलेजच्या ऑफिसातून फाईल विभागप्रमुखाकडे, तिथून प्राचार्यांकडे, आणि पुढे पात्रतेसाठी गणेशखिंडीत विद्यापीठाच्या एलिजिबिलिटी विभागाकडे जाते. ‘माझं काय झालं?’ विचारलंत तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘आवक क्रमांक अमुक, फाईल कुठल्या टेबलावर आहे आणि कुठला कागद कमी आहे?’ असं विचारा. आठवड्यातून एकदा, सकाळी ऑफिस उघडल्यावर तासाभरात जा. रोज गेलात तर चेहरा बघूनच उत्तर ठरतं. प्रत्येक फेरीनंतर त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल टाका: कुणाच्या टेबलावर गेलो, काय सांगितलं, कुठला कागद दिला.

या काळात जुन्या कॉलेजची हजेरी सोडू नका. ७५ टक्क्यांचा नियम दोन्हीकडे असतो, आणि नव्या ठिकाणी उशिरा आलात तर मागची हजेरी आणि अंतर्गत परीक्षांचे गुण धरणार का, हे लेखी विचारावं लागतं. जुन्या कॉलेजची परीक्षा फॉर्मची तारीख आली आणि निर्णय आलेला नसेल, तर फॉर्म तिथेच भरा. त्याच सत्राचा फॉर्म दोन्हीकडे मात्र भरायचा नाही.

फीचंही कॅलेंडर असतं. यूजीसीच्या २०१८ च्या धोरणात प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत (प्रक्रिया शुल्क ५ टक्के, जास्तीत जास्त ५ हजार रुपये कापून), त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढे शून्य. डिपॉझिट पूर्ण मिळतं. यूजीसी एखाद्या वर्षी वेगळं परिपत्रक काढते, ते चालू वर्षाचं बघा. महाडीबीटीची शिष्यवृत्ती चालू असेल तर टीसी काढण्याआधी दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती क्लार्कशी बोला.

नकार आला तर कारण लेखी मागा. ‘जागा नाही’ आणि ‘समकक्षता नाही’ हे दोन वेगळे नकार आहेत. जागा नसेल तर दुसऱ्या कॉलेजात तीच फाईल, तोच तक्ता चालतो, आणि तारखा संपायच्या आत तो लगेच पुढे सरकवता येतो. समकक्षता नसेल तर किती क्रेडिट कमी पडतात ते आकड्यात विचारा. उत्तरच मिळत नसेल तर २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर लोकपालाकडे जाता येतं. तिथे जाताना पोचेची प्रत आणि ईमेलचे प्रिंट तारखेच्या क्रमाने लावून न्या.