डीएम मंडळी, मॅजिक आयटमचं दुकान उघडताना या चुका टाळा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सारख्या रोलप्लेइंग गेममध्ये मी डीएम, म्हणजे खेळाची गोष्ट आणि जग चालवणारा. माझ्या टेबलवर पहिल्यांदा मॅजिक शॉप, म्हणजे खेळातलं जादूच्या वस्तूंचं दुकान, उघडलं तेव्हा अख्खं सेशन (एक बैठक) त्यातच गेलं. पार्टी, म्हणजे प्लेअर्सच्या पात्रांची टोळी, दुकानात शिरली, सगळ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि मग हे आहे का, ते आहे का, कितीला देणार, दोन घेतले तर काही कमी होईल का... मी ड्रॅगन तयार करून बसलेलो, तो बिचारा पुढच्या सेशनपर्यंत गुहेत उपाशी. चूक प्लेअर्सची नव्हती, माझीच होती. पुस्तकातली पूर्ण यादी म्हणजे दुकानातला माल असं मीच म्हणून बसलो होतो.

तर पहिली गोष्ट ही. दुकानात पाच-सहा वस्तू ठेवा, बस. सेशनच्या आधी लिहून काढा, त्यातली एखादी विचित्र ठेवा जी कोणी मुद्दाम मागितली नसती, आणि बाकी काही हवं असेल तर "मागवावं लागेल, वेळ लागेल" एवढंच. भाव ठरवण्यात डीएम लोक फार डोकं घालवतात, पण खरा कंट्रोल मालावर असतो. जे दुकानात नाही ते कितीही गोल्ड (सोन्याची नाणी) असलं तरी मिळत नाही.

दुसरी चूक, रॅरिटी (वस्तू किती दुर्मीळ) बघून किंमत लावणे. डी अँड डी फिफ्थ एडिशनच्या २०१४ च्या डीएम गाइडमध्ये अनकॉमन वस्तू १०१ ते ५०० गोल्ड, रेअर ५०१ ते ५,००० असं आहे. आता साधी प्लस वन तलवार (वारात थोडीशीच वाढ देणारी) अनकॉमन, आणि उडणारा झाडू पण अनकॉमन, त्यात त्या पुस्तकात झाडूला अट्यूनमेंटसुद्धा (वापरण्याआधी वस्तूशी जादूने जोडून घेणं) लागत नाही. आणि बिनजादूचं प्लेट आर्मर १,५०० गोल्डला! म्हणजे लोखंडाचं चिलखत महाग आणि उडणं स्वस्त. मी तो झाडू ४०० ला विकला होता, तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीला, आणि त्यानंतर दरी, भिंत, नदी, पिट ट्रॅप सगळं एकदम निकामी झालं. २०२४ च्या पुस्तकात ठोक दर आहेत (अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००), हिशोबाला सोपे आहेत, पण ही अडचण त्याने सुटत नाही. रॅरिटी बाजूला ठेवा आणि विचारा, ही वस्तू आल्यावर माझ्या कॅम्पेनमधली (सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट) कुठली अडचण कायमची संपणार? फार मोठी संपत असेल तर ती दुकानात ठेवूच नका, लूट म्हणून हवी तेव्हा द्या.

आता विकण्याकडे येऊ, इथे जास्त गोंधळ होतो. प्लेअर म्हणतो पुस्तकात ४,००० लिहिलंय तर मला ४,००० द्या. डी अँड डीच्या जुन्या थर्ड पॉइंट फाइव्ह (३.५) एडिशनमध्ये वस्तू बनवायला साधारण अर्धी किंमत लागायची आणि विकली की अर्धीच मिळायची, म्हणजे नफा शून्य. हे कंजूसपणातून आलेलं नाही हो, मुद्दाम केलंय. तुम्ही पूर्ण किंमत द्यायला लागलात की विझार्ड (जादूगार) गुहेत जाणं बंद करतो आणि वस्तू बनवून विकायचा कारखाना टाकतो. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या गेमच्या सेकंड एडिशनमध्येही विक्री अर्ध्यानेच, आणि डी अँड डीच्या फोर्थमध्ये तर पाचवा हिस्सा.

शिवाय घेणाऱ्याकडे पैसे आहेत का हे कोणी बघतच नाही. थर्ड पॉइंट फाइव्हमध्ये गावाला मर्यादा होती, खेड्यात २०० गोल्ड, छोट्या शहरात १५,०००, त्याच्यावरची वस्तू तिथे खपायचीच नाही. ही आयडिया कुठल्याही सिस्टममध्ये उचला. आणि वजन! फिफ्थमध्ये ५० नाणी म्हणजे एक पाउंड, म्हणजे ४,००० गोल्ड ८० पाउंड झालं, ते उचलणार कोण? त्यापेक्षा रत्नं द्या, जमिनीचा तुकडा द्या, एखाद्या सरदाराची शिफारस द्या. माझ्या पार्टीला एकदा मोबदल्यात जुनी होडी मिळाली, ती त्यांना कुठल्याही तलवारीपेक्षा जास्त आवडली.

घासाघीस एका रोलमध्ये, म्हणजे एकदाच फासा टाकून, संपवा. दुसरा रोल नाही, बार्डने (पार्टीतला गोडबोल्या गवई) कितीही विनवण्या केल्या तरी नाही.

शापित वस्तूंचं बघा. फिफ्थमध्ये आयडेंटिफाय स्पेलने (वस्तू ओळखायचा मंत्र) शाप कळत नाही, त्यामुळे दुकानदाराने फसवणं सोपं आहे आणि म्हणूनच मोह होतो. एकदा ठीक. दोनदा केलंत की प्लेअर कुठल्याच दुकानात पाय ठेवणार नाहीत, सगळं गोल्ड साठवून बसतील. उलटं मात्र मजेशीर होतं, पार्टीनेच नकळत शापित तलवार विकली आणि महिन्याभराने गिऱ्हाईक दारात उभं.

आणि चूक आधीच होऊन गेली असेल तर? चोर पाठवून वस्तू पळवू नका, ते सगळ्यांना कळतं आणि राग वस्तूवर नाही, तुमच्यावर येतो. आधी अट्यूनमेंट तपासा, एकाला तीनच वस्तू चालतात, हे अर्धे लोक विसरलेले असतात. मग गेमच्या बाहेर सरळ बोला. मी बोललो, "हा झाडू मी स्वस्तात देऊन बसलो, आता मला भिंतीच उभारता येत नाहीयेत". त्यावर झाडू ज्याच्याकडे होता त्या फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) प्लेअरनेच सुचवलं की उडताना झाडूला दोन्ही हातांनी धरावं लागेल, म्हणजे वरून धनुष्य चालवता येणार नाही. झाडू अजून त्याच्याकडेच आहे.