बोत्स्वाना खेळताय? या चुका टाळा

पावसाळ्यात रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला की घरी पाहुणे अडकतात आणि पत्ते निघतात, तेव्हा हा गेम नक्की काढा. जर्मन गेम डिझायनर रायनर क्निझियाचा बोत्स्वाना, वाइल्डलाइफ सफारी नावानेही मिळतो, मूळ गेम 1994 चा फ्लिंके पिंके. हत्ती, सिंह, गेंडा, झेब्रा, बिबट्या असे पाच प्राणी, प्रत्येकाचे 0 ते 5 असे सहा पत्ते, आणि प्रत्येकाची पाच-पाच छोटी खेळणी. टर्नला एक पत्ता टाकायचा, एक प्राणी उचलायचा, बस्स. कुठल्याही एका प्राण्याचा सहावा पत्ता पडला की डाव संपला.

आता गडबड कुठे होते तर आपल्याला मेंढीकोटची सवय असते. उतारी कसली आली म्हणून लोक तोच रंग शोधत बसतात, अहो इथे हातातला कुठलाही पत्ता टाका, आणि ज्याचा पत्ता टाकलात तोच प्राणी उचलायचा असंही नाही, गेंड्याचा पत्ता टाकून बिबट्या घ्या की. (बोरिवलीकडची मुलं आधी बिबटेच संपवतात, नॅशनल पार्क शेजारी असल्यावर काय होणार.)

दुसरी चूक हिशोबाची. पत्त्यांची बेरीज करायची नसते, त्या प्राण्यावर शेवटी पडलेला पत्ता हीच त्याची किंमत. तुमच्याकडे तीन हत्ती आहेत, वर 5 आहे, म्हणजे 15 पॉइंट, पण कोणी हत्तीचा 0 टाकला की तिन्ही हत्ती शून्य. ज्याच्यावर एकही पत्ता नाही त्याचेही शून्यच.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 5 शेवटपर्यंत दाबून ठेवणं. शेवट तुमच्या हातात नसतो ना, समोरचा सहावा पत्ता टाकून मोकळा होतो आणि तुमचा 5 हातातच राहतो. एखाद्या प्राण्याचे चार पत्ते पडले की सावध व्हा.

एकाच प्राण्याची हाव पण नको, प्राणी सगळ्यांसमोर उघडे असतात, तुमच्यापुढे तीन सिंह दिसले की 0 वाला टपलेलाच असतो. सिंहाचा 0 पडून गेलाय किंवा तुमच्याच हातात आहे असं असेल तर मात्र बिनधास्त घ्या. मला विचाराल तर शेजाऱ्याकडे जे आहेत त्यातले एक-दोन आपणही घ्यावेत, म्हणजे 0 टाकताना त्याचाच हात आखडतो, खरी मजा इथेच आहे!

चौघं असाल तर सात-सात पत्ते वाटून दोन उरतात, ते न बघता उलटे बाजूला ठेवा, त्यामुळे कुठले पत्ते अजून पडायचे आहेत याची मोजणी कधीकधी चुकणार हे धरून चाला. दमट हवेत पत्ते चिकटतात, त्यांना स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पाकिटं, घाला. आणि एखादा झेब्रा सोफ्याखाली गेलाच तर त्याच्या जागी रुपयाचं नाणं ठेवा, डाव थांबवू नका.